घरचे नारळ, घरचे हात आणि शून्य खर्च

पत्र:

नमस्कार सर,

मी गोव्यात म्हार्दोळजवळच्या एका गावात राहते. घरातूनच नेवऱ्या (करंज्या), लाडू आणि मे महिन्यात थोडा मसाला करून विकते. नेवरी १५ रुपयांना एक. शंभर नेवऱ्यांना मैदा, रवा, साखर, तीळ, तेल आणि गॅस मिळून ५५० रुपये लागतात. वर आठ नारळ, पण ते आमच्याच भाटातले, म्हणजे नारळाच्या बागेतले. व्यापारी दारात येऊन नारळाला ३० रुपये देतो, म्हणून उरलेले त्याला देतो. शंभर नेवऱ्या म्हणजे सासूबाईंचे आणि माझे साडेचार-साडेचार तास जातात. यजमान म्हणतात, "नारळ घरचे, हात घरचे, खर्च कसला? शंभरामागे साडेनऊशे सुटतात की!" पण सर, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस मी धड झोपत नाही. गेल्या वर्षी तीन हजार नेवऱ्या केल्या आणि जवळजवळ तेवढ्याच नेवऱ्यांच्या ऑर्डरींना नाही म्हटलं. तरी चवथ सरल्यावर हातात म्हणावं तसं काही दिसत नाही. मसाला पाच किलो एका वेळी करते. सहा तास लागतात, साडेचार हजार येतात, त्यातले सव्वातीन हजार मिरची, जिन्नस आणि गिरणीला जातात.

आमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. दलाल म्हणतो, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार दोन्हींचे मिळून महिना ९,००० देतील. माझी बहीण म्हणते, भाड्याला देऊ नको, कर्ज काढून पीठ मळायचं आणि खोबरं किसायचं यंत्र घे, ६०,००० पर्यंत येतं, खोल्यांत मोठं काम काढ. यजमान म्हणतात, आहे तेच बरं. मुलगा अकरावी कॉमर्सला आहे. त्याच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात दुर्मिळता, निवड, उत्पादन असं काय काय आहे. तो हसत म्हणतो, "आई, तुझा संधी खर्च काढ." तो काढायचा कसा? आणि मी काय करू? दलाल येत्या रविवारी येणार आहे.

– एक गृहिणी, फोंडा तालुका

उत्तर:

ताई, मुलाने हसत सांगितलेलं बरोबर आहे आणि यजमानांनी गंभीरपणे सांगितलेलं चूक. घरी याच क्रमाने सांगू नका, एवढंच.

तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण त्यात आकडे आहेत. सल्ला मागणारी बहुतेक पत्रं "परवडत नाही हो" इथेच संपतात. तुम्ही नारळाचा भाव दिलात, तास दिलेत, नाकारलेल्या ऑर्डरी दिल्यात. पुस्तकातला पहिला धडा यापेक्षा जास्त काही मागत नाही.

साडेनऊशेपासून सुरुवात करू. आठ नारळ घरचे आहेत, पण ते नेवऱ्यांत गेले नसते तर व्यापाऱ्याने त्यांचे २४० रुपये दिले असते. म्हणजे नेवरीत घातलेल्या त्या नारळांनी तुमच्याकडून २४० रुपये सोडून घेतले. मुलगा ज्याला संधी खर्च म्हणतो तो हाच. एखादी गोष्ट एका कामाला लावली की तिच्या दुसऱ्या सर्वांत चांगल्या उपयोगातून जे मिळालं असतं, ते त्या कामाचा खर्च म्हणून धरायचं. पावती फाटत नाही म्हणून खर्च झाला नाही असं होत नाही. शिवाय भाटातला नारळ आपण होऊन खाली उतरत नाही, माडावर चढून नारळ काढणाऱ्या पाडेलीला माडामागे पैसे द्यावे लागतात, आणि हल्ली तो वेळेवर मिळणं हेच एक काम आहे. ते पैसे यजमानांच्या खिशातून जात असतील, म्हणून तुमच्या वहीत दिसत नाहीत. नारळाचे २४० रुपये घरातून कुठे जात नाहीत हे खरं, पण ते नेवरीने कमावलेले नाहीत, माडाने कमावलेत. ते नेवरीच्या नावावर टाकले की नेवरी आहे त्याहून श्रीमंत दिसते.

तर १,५०० तून ५५० वजा, २४० वजा. उरले ७१०. हे दोघींच्या मिळून नऊ तासांचे. तासाला ७९ रुपये.

आता मसाला. साडेचार हजारांतून सव्वातीन हजार गेले की १,२५० उरतात. सहा तास. तासाला २०८ रुपये. म्हणजे ज्या कामाला तुम्ही "थोडा मसाला" म्हणून एका ओळीत उरकलंत, ते तुमच्या तासाला नेवरीच्या अडीचपटीहून जास्त देतं. रागावू नका. नेवरीला मान आहे, चवथीला दारात गिऱ्हाईक येऊन "तुमच्याच हातच्या हव्यात" म्हणतं, ते मसाल्याला कोणी म्हणत नाही. पण हिशेब करताना मान वेगळ्या रकान्यात लिहावा.

तुमच्या घरात दुर्मिळ काय आहे, हा आता प्रश्न. लायोनेल रॉबिन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये अर्थशास्त्राची जी व्याख्या केली ती अजून अकरावीच्या वर्गात घोकून घेतली जाते. माणसाच्या गरजा अमर्याद, त्या भागवायची साधनं मर्यादित, आणि त्या साधनांना एकाहून अधिक उपयोग. मी शिकवत असताना मुलं पहिले दोन भाग लिहायची आणि तिसरा विसरायची. खरं तर मेख तिसऱ्यात आहे. साधन नुसतं कमी असून भागत नाही, ते इकडे लावलं तर तिकडे लावता येत नाही म्हणून निवड करावी लागते. तुमच्याकडे मैदा दुर्मिळ नाही, दुकानात हवा तेवढा मिळतो. नारळ नाही, उरलेले तुम्ही विकताच. खोल्या नाहीत, त्या रिकाम्या आहेत. दुर्मिळ आहेत ते चवथीआधीच्या पंधरा दिवसांतले तुम्हा दोघींचे तास.

मोजून बघा. तीन हजार नेवऱ्या म्हणजे तीस शेकडे, शेकड्याला नऊ तास, एकूण २७० तास. पंधरा दिवसांत वाटले तर दिवसाला अठरा, दोघींना नऊ-नऊ. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे बाईचे पाच तास. तुमचे नऊ आणि हे पाच, चौदा झाले, आणि त्यात चवथीची घराची साफसफाई धरलेली नाही. झोप होत नाही यात नवल काय? या पाच तासांचा देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नातही हिशेब धरत नाहीत. तेव्हा यजमानांनी धरला नाही म्हणून त्यांच्यावर फार चिडू नका, मोठमोठे लोक त्यांच्या सोबतीला आहेत. सासूबाईंचे नऊ तास मात्र मला जास्त खटकले. त्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण ज्यांचा मुलगा अकरावीतल्या मुलाचा बाप आहे, त्यांनी पंधरा दिवस रोज नऊ तास पोळपाटापुढे बसावं का? त्यांचे गुडघेही "घरचेच" आहेत.

तीन हजार नेवऱ्यांच्या ऑर्डरी नाकारल्यात, त्याबद्दल. ज्या वस्तूला अर्धी गिऱ्हाइकं परत पाठवावी लागतात, तिचा भाव कमी ठेवलेला आहे, याहून उघड खूण बाजार देत नाही. मानकुरादाच्या पहिल्या डझनाला लोक काय मोजतात ते आपण दर वर्षी बघतो, आणि मे संपताना तोच आंबा काय भावाने जातो तेही. झाड तेच, रस तोच. आधी आंबे थोडे आणि हात पुढे करणारे खूप, नंतर उलट. तुमच्या नेवरीचा भाव मात्र ऑगस्टमध्येही १५ आणि डिसेंबरातही १५.

लोक कुरकुरतील. त्यांचं म्हणणं काय असेल तेही मला माहीत आहे, कारण चवथीच्या आदल्या दोन दिवसांत फोंड्याच्या बाजारात ते ऐकू येतंच. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं सामान घेऊन बायका बसलेल्या असतात: कवंडाळ, घागऱ्या, कांगल्या, आंबाडे, रानातून शोधून आणलेल्या वेली. गिऱ्हाईक चांगल्या साडीतलं, आणि म्हणणार काय, "एवढे कसले पैसे? रानातलंच तर आहे!" रानातलं आहे म्हणूनच तर पैसे. त्या फळाला कोणी पेरलं नाही हे कबूल, पण पावसात, जळवांत, कुठल्या डोंगराच्या कुठल्या उतारावर ते पिकलंय हे माहीत असणारी आणि पहाटे उठून ते आणणारी माणसं किती उरलीत? वर्षाचे बाकीचे दिवस त्याच कवंडाळाकडे कोणी बघत नाही, कारण तेव्हा ते कोणाला नको असतं. मागणी दोन दिवसांची, आणणारे हात मोजके. भाव तिथे ठरतो. या बाबतीत तुमचे यजमान आणि माटोळीच्या बाजारातलं ते गिऱ्हाईक एकाच बाकावर बसतात.

म्हणून येत्या चवथीला नेवरी १८ रुपये करा. ऑर्डरी थोड्या गळतील, गळू द्या, नाहीतरी तुम्ही निम्म्या नाकारतच होता. आतापर्यंत जो आधी आला त्याला मिळत होतं, आता ज्याला जास्त हवी आहे त्याला मिळेल. हे न्याय्य आहे का, असं मुलगा विचारील, आणि विचारायलाच हवं. भाव वाढवला की ज्याची ऐपत नाही तो मागे पडतो, मग त्याच्या घरी चवथ असो वा नसो. सरकार फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर भाजी सवलतीत विकतं ते याच कारणाने, आणि ती सवलत तिजोरीतून भरली जाते. तुमच्याकडे तिजोरी नाही. तेव्हा वाड्यावरची जी चार घरं तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांना जुना दर ठेवा, आणि तो त्यांच्यासाठी मुद्दाम ठेवलाय हे स्वतःच्या वहीत लिहा. सगळ्यांनाच स्वस्त देणं हा उदारपणा तुम्हा दोघींच्या झोपेतून चाललाय.

बहिणीच्या यंत्राकडे येतो. उत्पादन म्हटलं की पुस्तकात चार घटक येतात: भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन. मुलं ते पाठ करतात आणि चारांतला कुठला कमी पडतोय हे कधी विचारत नाहीत. बहिणीला वाटतं भांडवल कमी पडतंय. तसं आहे का? नेवरीचं काम मनात उलगडून बघा. पीठ मळणं, खोबरं किसणं, सारण परतणं, लाटणं, भरणं, कातण्याने कापणं, तळणं, निववणं, डबे भरणं. बहिणीचं यंत्र पहिल्या दोन कामांचं आहे. नऊ तासांतला त्यांचा वाटा किती? माझ्या अंदाजाने तासभर. एकदा घड्याळ लावून बघा. बाकी सगळा वेळ लाटणं, भरणं आणि कापणं खातं, आणि त्या जागी यंत्र शिरतच नाही. चवथीला ४५ शेकडे केले असं धरलं, तर यंत्राने ४५ तास वाचतील. तासाला ७९ धरून साडेतीन हजार रुपये. साठ हजारांचं यंत्र या गतीने सोळा-सतरा वर्षांत फिटेल, तेही व्याज न धरता. जिथे काम अडतं तिथे पैसा घातला तर उत्पादन वाढतं. जिथे अडतच नाही तिथे कितीही घातला तरी नेवऱ्या तेवढ्याच. खोबरं किसायची छोटी विजेची खवणी मात्र घ्या, सासूबाईंसाठी. त्याला कर्ज लागत नाही.

कर्जाबद्दल आणखी एक, कारण आपल्या तालुक्यात आणि शेजारीच हे घडून गेलंय. लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा उसगाव, धारबांदोडा, सांगे, डिचोलीच्या कितीतरी घरांनी कर्ज काढून ट्रक घेतले. हिशेब वरवर बरोबर होता: खेप तेवढे पैसे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे परत सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर १६ मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते मात्र चालूच. ज्यांचा ट्रक दुसऱ्या मालालाही चालला ते कसेबसे तरले. खनिजाच्या खेपांवरच सगळं अवलंबून होतं ते अडकले. ट्रकवाल्यांना शहाणपण शिकवायचा मला हक्क नाही, त्या वेळी त्यांना तसं सांगणारं कोणी नव्हतं, बँकासुद्धा दारात येत होत्या. पण पंधरा दिवस चालणाऱ्या कामासाठी बारा महिने हप्ता घेणं याला तुमच्या बाबतीत तेवढंही कारण नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, ते मिळतं म्हणून घेऊ नये.

मग तुमच्याकडे कमी काय पडतंय? श्रम, आणि थोडं संयोजन. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलं ते मुलाच्या पुस्तकात पुढे येईलच. दहा माणसं कामं वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या करत, आणि एकेकट्याने सगळं करायचं म्हटलं तर एकेकाच्या वीस टाचण्यासुद्धा मुश्किलीने झाल्या असत्या. तुम्ही दोघी सगळं थोडं थोडं करता. तळायला उठलात की हात तेलकट, परत लाटायला बसायचं तर हात धुवा, मध्येच दारात कोणी आलं, पारी सुकली. गावच्या स्वयंसहाय्य गटातल्या दोन बायका पंधरा दिवसांसाठी घ्या. एकीने लाटायचं, एकीने भरून कापायचं, तुम्ही सारण आणि तळण बघायचं, सासूबाईंनी बसल्या जागी तीन तास डबे भरायचे आणि कुठली नेवरी फुटकी ते सांगायचं. तो अधिकार त्यांचाच.

आकडे मांडतो. नेवऱ्या ४,५००, दर १८, जमा ८१,०००. जिनसांचे २४,७५०. नारळांचे १०,८००. दोघी बायकांना आठ-आठ तास, पंधरा दिवस, तासाला ६० रुपये, म्हणजे १४,४००. ही माझी धरलेली मजुरी आहे. तुमच्या गावात चालते ती बघा, आणि कमी धरू नका. उरले ३१,०५०. गेल्या वर्षी याच पद्धतीने काढलं तर २१,३०० उरले होते. पण मला फरक रुपयांपेक्षा तासांत दिसतो. गेल्या वर्षी तुम्हा दोघींचे २७० तास गेले. या मांडणीत तुमचे दिवसाला सात आणि सासूबाईंचे तीन, मिळून १५०. तासाला २०७ रुपये पडतात, मसाल्याच्या बरोबरीला येतात. एकूण तास जुन्या मापाने १५ कमी भरतात, ते कामाची वाटणी केल्याने निघतील असं मी धरलंय. वाड्यावरच्या जुन्या दरामुळे दीड-दोन हजार इकडे तिकडे होतील, तेही धरा.

दोन बायकांनी एवढं होतं तर सहा घेऊ, असं बहीण म्हणेल. शेगडी एक, कढई एक. तिसरी बाई आली की थोडी मदत होईल, चौथी आली की लाटलेल्या पाऱ्या तळणाची वाट बघत सुकतील, पाचवी आली की गप्पा फार रंगतील. एक घटक तसाच ठेवून दुसरा वाढवत गेलं की वाढीव फळ घटत जातं, एवढाच त्या लांबलचक नावाच्या सिद्धांताचा अर्थ. दुसरी शेगडी आणि मोठी कढई घेतलीत तर तिसरी बाई परवडेल. त्याआधी नाही.

खोल्या. इथे बहीण आणि तुम्ही दोघीही एक गोष्ट विसरलात, तीच नारळाची. रिकाम्या खोल्यांत काम काढलं तर जागेला पैसे पडणार नाहीत, घरचीच आहे, असं तिला वाटतं. दलाल ९,००० म्हणाला त्या क्षणी त्या जागेचा खर्च महिना ९,००० झाला, वर्षाला १,०८,०००, मग तुम्ही तिथे नेवऱ्या करा, पोती ठेवा नाहीतर कुलूप घाला. एका खोलीचे ५४,०००. वर मांडलेल्या चवथीतून गेल्या वर्षापेक्षा ९,७५० जास्त मिळतील. मसाला वर्षाला आणखी ६० किलो केलात तर किलोला २५० धरून १५,००० वाढतील. बेरीज २४,७५०. एका खोलीच्या भाड्याच्या निम्मीही नाही. आणि खरं सांगायचं तर या दोन्ही कामांना खोली लागतच नाही, स्वयंपाकघर आणि पडवी पुरते. मी बहिणीच्या बाजूने निकाल लागावा म्हणून आकडे दोनदा फिरवून पाहिले, कारण बाईने काही मोठं करावं असं मलाही वाटतं. नाही लागत. वर्षभर चालणारं गिऱ्हाईक मिळालं, म्हार्दोळ-मंगेशीच्या देवळांकडे येणाऱ्या भाविकांना माल विकणारं एखादं दुकान बारा महिने लाडू-मसाला घ्यायला तयार झालं, तर हे गणित बदलेल. ते दुकान आधी, खोली नंतर.

यजमानांचं "आहे तेच बरं" हेसुद्धा फुकट नाही. तो तिन्हींतला सर्वांत महाग पर्याय आहे, फक्त त्याचं बिल येत नाही.

तरी दोन्ही खोल्या भाड्याने द्याच असं मी म्हणणार नाही. चवथीला मुंबई-पुण्याचे दीर-नणंदा येतात, त्यांना झोपायला जागा लागते. मुलाची बारावी पुढच्या वर्षी आहे. विहिरीचं पाणी, अंगणातली ये-जा, रात्रीचे मोबाइल, हेही भाड्याच्या रकमेतून वजा होतात, रुपयांत मांडता आले नाहीत तरी. बाहेरून वेगळं दार असलेली खोली द्या. दुसरी ठेवायची असेल तर महिना ४,५०० देऊन ती ठेवलीय असं समजून ठेवा. पाहुण्यांवर आणि मुलाच्या अभ्यासावर तेवढा खर्च करणं मला तरी वावगं वाटत नाही. ती तुमची निवड, अर्थशास्त्र त्यात लुडबुड करत नाही. ते फक्त किंमत सांगतं.

निवड म्हणजे दर वेळी हे किंवा ते असंही नसतं. झुआरी नदीकाठची खाजनं, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठी बांध घालून राखलेली शेतं, बघा. पावसाने माती धुऊन खारेपणा उतरला की भात, कापणी झाली की मानस (बांधातलं पाण्याचं दार) उघडून खारं पाणी आत घ्यायचं आणि मासळी. तीच जमीन, दोन हंगाम, दोन पिकं. बांध आणि मानस सांभाळायला गावकारीची, म्हणजे गावच्या जुन्या सामूहिक कारभाराची, शिस्त होती म्हणून ते जमलं. जिथे बारमाही कोळंबीच्या हावेने खारं पाणी आतच ठेवलं किंवा बांध फुटू दिले, तिथे भात गेलं ते गेलं, जमीन पुन्हा गोडी व्हायला वर्षं लागतात. तुमचं वर्षही असंच लावता येतं. मिरची बाजारात येते त्या दिवसांपासून मेअखेरपर्यंत मसाला, श्रावणापासून नेवऱ्या. मसाला टिकतो, पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीला लोक तो मागतातच, आणि त्या महिन्यांत तुमचे तास मोकळे असतात. सध्या तुमचं सगळं वर्ष पंधरा दिवसांवर रेललंय. आणि भाड्याचा करार अकरा महिन्यांचा करता येतो, नाही पटलं तर खोली परत मिळते. कर्जाच्या हप्त्याला तशी परतीची वाट नसते. दोन पर्याय जवळजवळ सारखे वाटले की जो मोडता येतो तो मी आधी घेतो.

मुलाला एक काम द्या. हिशेबाच्या वहीत दोन रकाने वाढवायला सांगा: "घरचं काय वापरलं" आणि "कोणाचे किती तास". बाबांच्या तासांचाही रकाना असू दे, रिकामा राहिला तरी.

रविवारी दलाल येईल तेव्हा तो आपली दलाली किती महिन्यांच्या भाड्याएवढी घेणार हे आधी विचारा, आणि ती तुमच्याकडून की भाडेकरूकडून तेही. खोली एकच देणार हे सांगा. तिला बाहेरून वेगळं दार आहे की नाही यावर भाव बदलू शकतो, ४,५०० वर अडून बसू नका, पण ४,००० च्या खाली मीही बसलो नसतो. एका खोलीत किती माणसं राहणार, ते करारात लिहून घ्या. विजेचं मीटर वेगळं नसेल तर आधी उपमीटर बसवा. करार लेखी करा, अनामत घ्या, आणि भाडेकरूची पोलिसांत पडताळणी झाल्याशिवाय चावी देऊ नका, दलाल "नंतर करू" म्हणाला तरी. बोलणी करताना सासूबाईंना पडवीत बसवा. घर त्यांच्या नावावर असेल तर सही त्यांचीच लागेल.